बोरिक पावडर नेमकी किती सौम्य?

२०२३ साली अमेरिकेत टिकटॉकवर एक खूळ पसरलं. चिमूटभर बोरॅक्स पाण्यात विरघळवायचा आणि पिऊन टाकायचा. म्हणे सांधे दुखायचे थांबतात, सूज उतरते. कपडे धुण्याच्या साबणाशेजारी मिळणारा पदार्थ लोक प्यायला लागल्यावर तिथल्या विषतज्ज्ञांना ‘हे करू नका’ असं जाहीरपणे सांगावं लागलं. बचावाला नेहमीचीच विधानं होती. हे खनिज आहे, नैसर्गिक आहे. पोटात त्याचं बोरिक ॲसिड होतं, आणि बोरिक ॲसिड तर इतकं सौम्य की पूर्वी त्यानं डोळे धुवायचे.

गंमत अशी की यातलं प्रत्येक विधान सुटं घेतलं तर खरं आहे. निष्कर्ष तेवढा चुकीचा.

आपल्याकडे बोरिक पावडर (म्हणजे हेच बोरिक ॲसिड) म्हटलं की आधी कॅरम आठवतो, मग झुरळांच्या गोळ्या. द्राक्ष-डाळिंबवाल्याला फवारणी आठवेल, भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याला निकेलची टाकी. शुद्धता कमी-जास्त असेल, पण पदार्थ एकच. खेळण्याच्या बोर्डावर भुरभुरायचा, कीटकनाशक म्हणून वापरायचा, पिकाला खत म्हणून द्यायचा आणि अणुभट्टीच्या पाण्यातही घालायचा, हे एकाच पावडरीला कसं काय जमतं?

हे आहे तरी काय?

बोरॉन हे एक मूलद्रव्य. बोरिक ॲसिडच्या रेणूत मधे बोरॉनचा एक अणू असतो, त्याच्याभोवती ऑक्सिजनचे तीन, आणि प्रत्येक ऑक्सिजनला एकेक हायड्रोजन. पांढरा, बिनवासाचा, जवळजवळ बेचव पदार्थ. बोटांत चोळला की किंचित तेलकट, रेशमी लागतो. थंड पाण्यात फारसा विरघळत नाही: साध्या तापमानाला १०० मिलिलिटर पाण्यात जेमतेम ५ ग्रॅम. उकळत्या पाण्यात मात्र २५ ग्रॅमच्या पुढे जातो. म्हणून गरम द्रावण थंड होऊ दिलं की तळाशी चमकदार पातळ पापुद्रे जमतात. तेच बोरिक ॲसिडचे स्फटिक.

बोरॅक्स हा त्याचा सोडियमयुक्त भाऊबंद. मराठी घरांना तो टाकणखार किंवा सवागी म्हणून ठाऊक आहे. सोनार डाग देताना तोच वापरतो. बोरॅक्समध्ये तीव्र आम्ल मिसळलं की बोरिक ॲसिड मिळतं. १७०२ साली विल्हेल्म होम्बर्ग या रसायनज्ञानं बोरॅक्सपासूनच ते पहिल्यांदा तयार केलं. टिकटॉकवाल्यांचं ‘पोटात त्याचं बोरिक ॲसिड होतं’ हे म्हणणं इथून आलं: जठरात तीव्र आम्ल असतंच. त्यामुळे विषारीपणाचा विचार करताना टाकणखार आणि बोरिक पावडर यांना वेगळं मानायचं कारण नाही.

आम्ल ‘सौम्य’ असतं म्हणजे काय?

आम्ल पाण्यात गेलं की हायड्रोजनचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. हायड्रोक्लोरिक ॲसिडसारख्या तीव्र आम्लात जवळजवळ प्रत्येक रेणू आपला हायड्रोजन सोडून देतो. सौम्य आम्लात फार थोडे रेणू सोडतात. पाणी घालून पातळ करण्याशी याचा संबंध नाही. पातळ केलेल्या आम्लाला आपण विरल म्हणतो, आणि विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडही तीव्रच असतं.

व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड सौम्य आहे. बोरिक ॲसिड त्याच्याहूनही सुमारे ३० हजार पटींनी सौम्य. लिटरभर पाण्यात ६ ग्रॅम घातलं तरी सामू ५च्या थोडा वरच राहतो. सामू हे आम्लतेचं माप: ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी. साध्या पावसाच्या पाण्याचा सामूही ५.६च्या आसपास असतो, म्हणजे फरक किती थोडा ते कळेल.

त्याची आम्ल म्हणून वागण्याची रीतही तिरपी आहे. ते स्वतःचा हायड्रोजन सोडतच नाही. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजनचा तुकडा ते स्वतःला चिकटवून घेतं आणि पाण्याचा उरलेला हायड्रोजन मोकळा होतो. बारावीला रसायनशास्त्र घेतलेल्यांना परीक्षेतला हा हमखास प्रश्न आठवेल: तीन हायड्रोजन असूनही हे आम्ल एकाच हायड्रोजनचं का?

आता मुद्द्याची गोष्ट. ‘सौम्य’ या मोजमापातून एवढंच कळतं, की पाण्यात हायड्रोजन आयन किती सुटतात. पदार्थ विषारी आहे का, धातू खाईल का, शरीरात साचेल का, यातलं काहीही त्यातून कळत नाही. हायड्रोसायनिक ॲसिड, म्हणजे सायनाइडचं जीवघेणं आम्ल, सौम्यतेत बोरिक ॲसिडच्या अगदी बरोबरीचं आहे. हे एक उदाहरण लक्षात राहिलं तरी ‘सौम्य आहे, म्हणजे चालतं’ हा युक्तिवाद पुन्हा करावासा वाटणार नाही.

सोंगटी का घसरते?

बोरिक ॲसिडचे रेणू सपाट असतात आणि शेजाऱ्यांशी हायड्रोजनच्या बंधांनी जोडले जाऊन पातळ थर तयार करतात. एका थरातली जोडणी पक्की असते. थराथरांमधली ओढ मात्र अगदी कमकुवत. पत्त्यांचा नवाकोरा कॅट हातात घेऊन वरून हलकेच ढकलला की पानं एकमेकांवरून सरकतात, तसे हे थर सरकतात. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट गुळगुळीत लागतं तेही याच कारणानं. सोंगटी आणि लाकूड यांच्यामध्ये अशा असंख्य पापुद्र्यांचा लेप बसला की घर्षण उतरतं. अमेरिकेतल्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत १९९०च्या दशकात यंत्रांसाठी कोरडं वंगण म्हणून बोरिक ॲसिडचा अभ्यास झाला, त्यामागे हीच रचना होती.

कॅरमच्या दुकानात मिळणारी प्रत्येक पावडर बोरिक असतेच असं नाही, स्टार्चच्याही येतात. डब्यावर वाचून घ्यावं. आणि पावडर जास्त पडली म्हणून बोर्डावर जोरात फुंकर मारणारे महाभाग प्रत्येक गल्लीत असतात. समोर बसलेल्याच्या नाकातोंडात ती धूळ जाते, खोकला येतो. फडक्यानं पुसायला काय होतं?

येतं कुठून?

कित्येक शतकं जगाचा बोरॅक्स तिबेटच्या खाऱ्या तळ्यांकाठून येई. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लादून तो हिमालय ओलांडून खाली आणला जाई आणि पुढे युरोपात पोचे. लडाखच्या पुगा खोऱ्यातही गरम झऱ्यांभोवती तो सापडतो. मग १७७७ साली इटलीत टस्कनीमध्ये जमिनीतून निघणाऱ्या वाफेच्या पाण्यात बोरिक ॲसिड असल्याचं लक्षात आलं. फ्रान्सवा दे लार्देरेल यानं तिथे १८१८मध्ये कारखाना काढला आणि पुढे लाकूड जाळण्याऐवजी जमिनीतली वाफच पाणी आटवायला वापरली. त्या गावाला आज लार्देरेल्लो म्हणतात. १९०४ साली तिथेच भूगर्भातल्या वाफेवर वीज तयार करून पाच दिवे पेटवण्यात आले. भूऔष्णिक विजेची सुरुवात ती, आणि तीही बोरिक ॲसिडच्या कारखान्यात.

आता मोठे साठे तुर्कस्तानात आहेत, जगातल्या एकूण साठ्यांपैकी बहुतांश. त्याखालोखाल नाव घ्यायचं ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाचं. तुर्कस्तानात कोलमनाइट नावाचं खनिज दळून त्यावर गरम सल्फ्युरिक ॲसिड घालतात. त्यातून तयार होणारं जिप्सम बाजूला गाळून काढतात, द्रावण थंड करतात आणि खाली बसलेले पापुद्रे वाळवून पोत्यात भरतात. आपली भिस्त आयातीवर आहे.

काच

जगातलं सर्वांत जास्त बोरॉन काचेत जातं. साधी काच तापली की बरीच प्रसरण पावते, आणि एका बाजूनं तापून दुसऱ्या बाजूनं थंड राहिली की ताण येऊन तडकते. काचेत बोरॉनचं ऑक्साइड १२-१३ टक्के घातलं की प्रसरण जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतं. जर्मनीत येना इथे ओटो शॉट यानं १८८०च्या दशकात ही काच विकसित केली; १९१५मध्ये अमेरिकेत पायरेक्स आली. आपल्या घरातलं ‘बोरोसिल’चं भांडं किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतली परीक्षानळी याच जातीची, नावातला ‘बोरो’ तिथलाच.

काचेला बोरॅक्सही चालतो, मग महागडं बोरिक ॲसिड कशाला? कारण बोरॅक्समधून सोडियम येतो. टीव्ही-मोबाइलच्या पडद्याच्या आतली काच आणि पवनचक्कीची पाती किंवा बोटी बनवायला लागणारा काचेचा धागा यांत सोडियम नको असतो. तिथे बोरॅक्सऐवजी बोरिक ॲसिड वापरतात.

निकेलच्या टाकीत

दुचाकीच्या चकचकीत भागांवर क्रोमच्या खाली निकेलचा थर असतो. तो द्रावणाच्या टाकीत विजेनं चढवतात, त्यालाच प्लेटिंग म्हणतात. १९१६ साली ऑलिव्हर वॉट्स यानं सांगितलेलं द्रावण आजही थोड्याफार फरकानं चालतं: निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि लिटरला ३० ते ४५ ग्रॅम बोरिक ॲसिड. त्याचं काम बफरचं, म्हणजे सामू एकदम उसळू न देण्याचं. वीज सुरू झाली की जॉबच्या, म्हणजे थर चढवायच्या वस्तूच्या, अगदी पृष्ठभागाशी हायड्रोजन सुटतो आणि तेवढ्या पातळ पट्ट्यात सामू चढतो. तो चढला की थर करपतो, खड्डे पडतात, ठिसूळ होतो.

जाणकार इथे आक्षेप घेतील: टाकीचा सामू ४च्या आसपास असतो आणि बोरिक ॲसिड तर ९च्या आसपास सामू धरून ठेवतं, मग ते तिथे काय करणार? पूर्ण टाकीसाठी हा आक्षेप बरोबर आहे. पण लढाई टाकीत नाही, जॉबच्या पृष्ठभागावर आहे, आणि तिथला सामू बराच वर गेलेला असतो. टाकी ५०-६० अंशांवर ठेवावी लागते. सुट्टीनंतर थंड पडलेल्या टाकीच्या तळाशी आणि ॲनोडच्या, म्हणजे टाकीत लटकवलेल्या निकेलच्या, पिशव्यांवर पांढरे खडे जमलेले दिसतात, ते हेच बोरिक, थंडाव्यानं बाहेर पडलेलं.

अणुभट्टीतलं पाणी

अणुभट्टीत युरेनियमचा अणू फुटतो, त्यातून न्यूट्रॉन निघतात, ते पुढचे अणू फोडतात. ही साखळी ताब्यात ठेवायची तर जास्तीचे न्यूट्रॉन कुणीतरी गिळले पाहिजेत. निसर्गातल्या बोरॉनपैकी सुमारे २० टक्के बोरॉन-१० या प्रकारचं असतं आणि त्याला न्यूट्रॉनची प्रचंड भूक असते. न्यूट्रॉन गिळला की ते लिथियम आणि हेलियम यांच्या केंद्रकांत फुटतं.

म्हणून उच्च दाबाच्या पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्यांत मुख्य पाण्यातच बोरिक ॲसिड विरघळवतात. इंधन ताजं असताना दहा लाख भाग पाण्यात बोरॉनचे हजारभर भाग ठेवायचे आणि इंधन जुनं होत जाईल तसं पाणी हळूहळू पातळ करत न्यायचं. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या भट्ट्या याच पद्धतीच्या. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला योजलेल्या भट्ट्याही उच्च दाबाच्या पाण्याच्याच आहेत. तारापूरच्या १९६९च्या दोन जुन्या भट्ट्यांत पाणी भट्टीतच उकळतं. तशा भट्ट्यांत रोजच्या नियंत्रणासाठी पाण्यात बोरॉन ठेवत नाहीत.

अपघातातही पहिली आठवण बोरॉनचीच होते. चेर्नोबिलला १९८६मध्ये हेलिकॉप्टरमधून वाळू, शिसं, माती यांबरोबर सुमारे ४० टन बोरॉन कार्बाइड टाकलं गेलं. २०११मध्ये फुकुशिमाच्या भट्ट्यांत समुद्राचं पाणी सोडलं, तेव्हा त्यात बोरिक ॲसिड मिसळलं होतं.

बोरिक ॲसिडच का, दुसरं काही का नाही? ते गरम पाण्यात छान विरघळतं आणि सौम्य असल्यानं नळ्यांना फारसा त्रास देत नाही. जी काही आम्लता येते ती थोडं लिथियम हायड्रॉक्साइड घालून मारता येते. सौम्यपणाचा खरा उपयोग इथे आहे.

आणि सौम्यपणावर विसंबल्याची किंमतही इथेच दिसली. मार्च २००२, ओहायो राज्यातलं डेव्हिस-बेसी अणुवीज केंद्र. भट्टीच्या झाकणातून नियंत्रण दांड्यांसाठी नळ्या आत जातात, त्यातल्या एकीला बारीक भेग गेली होती. तिथून बोरिक ॲसिडचं पाणी पाझरत होतं. बाहेर आलं की पाण्याची वाफ होऊन जाई आणि आम्ल मागे साठून घट्ट होत जाई. झाकणाचं पोलाद सुमारे १७ सेंटिमीटर जाड. आम्लानं ते एका ठिकाणी पूर्ण खाऊन टाकलं. भट्टीतला दाब आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये उरलं होतं ते आतलं स्टेनलेस स्टीलचं अस्तर, जेमतेम एक सेंटिमीटरचं. खुणा आधीपासून होत्या: झाकणावर गंजाच्या रंगाचे थर दिसत होते, इमारतीतल्या हवेच्या गाळण्या गंजाच्या भुकटीनं पुन्हा पुन्हा भरत होत्या. पुढे अमेरिकी नियामकांनी केंद्र चालवणाऱ्या कंपनीला साडेचोपन्न लाख डॉलरचा दंड लावला.

सामू ५ देणारं पातळ द्रावण आणि आटून घट्ट झालेलं गरम आम्ल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रेणू तोच असला तरी.

झाडाला लागतं, पण किती?

बोरॉनशिवाय झाड वाढत नाही, हे १९२३मध्ये इंग्लंडच्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात कॅथरिन वॉरिंग्टन यांनी बाकल्याच्या झाडांवर दाखवून दिलं. पेशींच्या भिंती नीट बांधल्या जायला ते लागतं; परागकणातून नळी वाढून फळधारणा व्हायलाही लागतं. चुनखडीच्या जमिनीत बोरॉन असूनही झाडाला ते सहज मिळत नाही. मग द्राक्षाचे मणी नीट धरत नाहीत, डाळिंब तडकतं. (डाळिंब तडकण्याला पाण्याचा अनियमितपणा हेही मोठं कारण असतं; सगळं खापर बोरॉनवर फोडू नये.) बोरिक ॲसिडमध्ये वजनानं १७ टक्के बोरॉन असतं, बोरॅक्समध्ये ११.

बोरॉनची अडचण अशी की कमतरता आणि अतिरेक यांच्यातली पट्टी अगदी अरुंद आहे. नत्र थोडं जास्त पडलं तर झाड माजतं. बोरॉन थोडं जास्त पडलं तर पानांच्या कडा करपतात. ‘शेजाऱ्यानं मारलं, आपणही मारू’ हा हिशेब इथे महागात जातो. माती आणि पानदेठ परीक्षणाचा कागद हातात असल्याशिवाय फवारणीचं प्रमाण ठरवू नये.

झुरळ कसं मरतं?

घरगुती वापरात बोरिक पावडरीइतका स्वस्त आणि टिकाऊ उपाय नाही, असं माझं मत आहे, पण तो बहुतेक घरांत चुकीचा केला जातो.

झुरळ स्वतःला सतत साफ करत असतं. पावडरीवरून चाललं की कण पायांना, मिशांना चिकटतात. ते तोंडानं पुसताना पोटात जातात. तिथे आतड्याचं अस्तर खराब होतं, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि झुरळ काही दिवसांनी मरतं. लगेच नाही. म्हणूनच ‘रात्री टाकली, सकाळी झुरळं फिरतच होती’ असं म्हणून लोक दुसऱ्या दिवशी भिंतीकडेला पावडरीचे ढीग घालतात. ढीग दिसला की झुरळ वळसा घालून जातं. थर दिसेल न दिसेल इतका पातळ हवा. फ्रिजच्या मागे जिथे मोटारीची ऊब असते तिथे, सिंकखालच्या नळीच्या भोकाशी, ओट्याखालच्या कप्प्याच्या कोपऱ्यात. फरशी पुसताना ओली झाली की गोळा होते आणि उपयोग संपतो.

कणीक, साखर आणि बोरिक पावडरीच्या गोळ्यांत तत्त्व तेच. फक्त इथे झुरळ स्वतःहून खातं. पावडर जास्त घातली की खात नाही. अंड्यांच्या कुपीतल्या पिल्लांपर्यंत काहीच पोचत नाही, म्हणून गोळ्या काही आठवडे राहू द्याव्या लागतात आणि सुकल्या की बदलाव्या लागतात. अमेरिकेत कीटकनाशक म्हणून याची नोंदणी १९४८ सालची, तरी झुरळं अजून याला सरावलेली नाहीत.

‘मिठाइतकंच विषारी’ हे खरं का?

हे वाक्य तुम्हाला इंटरनेटवर सतत भेटेल. आधार खरा आहे: उंदरांना एकदम मोठा डोस दिला तर निम्मे उंदीर मरायला लागणारं प्रमाण बोरिक ॲसिड आणि खाण्याचं मीठ यांत साधारण सारखंच, वजनाच्या किलोमागे सुमारे ३ ग्रॅम, निघतं.

पण ही चाचणी एकदाच दिलेल्या डोसची आहे. रोज थोडं थोडं पोटात गेलं तर काय, हे ती सांगत नाही. शरीरातून बोरिक ॲसिड मूत्रपिंडावाटे जातं आणि निम्मं जायला जवळपास एक दिवस लागतो. रोज घेतलं तर साचत जातं. प्राण्यांना दीर्घकाळ मोठे डोस दिल्यावर नरांची वृषणं आक्रसली, गर्भाच्या वाढीवर परिणाम झाला. म्हणून युरोपीय संघानं २०१०मध्ये प्रजननाला घातक या कारणावरून ते ‘अतिशय चिंताजनक’ पदार्थांच्या यादीत घातलं. बोरॉनच्या खाणी-कारखान्यांतल्या कामगारांचे तुर्कस्तान आणि चीनमध्ये अभ्यास झाले. रोजच्या कामात अंगात जाणाऱ्या प्रमाणानं प्रजननावर ठळक दुष्परिणाम त्यांत दिसला नाही. म्हणजे कॅरम खेळून काही होत नाही. पिऊन होऊ शकतं.

आणि बाळांची गोष्ट पूर्णपणे वेगळी आहे. १९८३मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अहवालात सात तान्ह्या बाळांची हकिकत आहे. त्यांना झटके येत होते आणि कारण सापडत नव्हतं. घरचे चोखणीला बोरॅक्स घातलेला मध लावून देत होते. चोखणी बंद झाली, झटके थांबले. आपल्याकडे तोंड आलेल्या बाळाला सवागीची लाही मधातून चाटवण्याची पद्धत अजून काही घरांत आहे. आज्यांचा अनुभव कितीही मोठा असला तरी ही एक गोष्ट सोडून द्यावी. तान्ह्या बाळाला मध देऊ नये हे तर वेगळंच.

पूर्वी डोळ्यांत घालायचे, ते चुकीचं होतं?

नाही. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८७०च्या दशकात जखमांसाठी बोरिकची पट्टी वापरात आणली. जंतूंची वाढ रोखायला ती उपयोगी होती. बोरिकच्या कापसाचा शेक अनेकांनी घेतला असेल. आजही डोळ्यांच्या कित्येक थेंबांत आणि कॉन्टॅक्ट लेन्सच्या पाण्यात बफर म्हणून बोरिक ॲसिड असतं. फरक असा, की ते अगदी अल्प प्रमाणात आणि निर्जंतुक असतं. कॅरमच्या डब्यातली चमचाभर पावडर पाण्यात ढवळून डोळ्याला लावणं म्हणजे ते नव्हे.

त्वचा अखंड असेल तर त्यातून फारसं आत जात नाही. सोललेल्या, भाजलेल्या त्वचेतून मात्र बरंच जातं. बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर बोरिक पावडर लावल्यानं पूर्वी मृत्यू झाले आहेत, ते यामुळे.

खाण्यात चालतं का?

एके काळी सर्रास चालायचं. मांस, लोणी टिकवायला बोरॅक्स घालत. १९०२ साली वॉशिंग्टनमध्ये सरकारी रसायनज्ञ हार्वे वायली यांनी तरुण स्वयंसेवकांना जेवणातून मुद्दाम अशी रसायनं देऊन पाहिली आणि सुरुवात बोरॅक्सनं केली. भूक मंदावली, डोकं दुखू लागलं, पोट बिघडलं. आज भारतात अन्नात बोरिक ॲसिड घालायला परवानगी नाही. पापडखाराशी टाकणखाराची गल्लत करू नका; पापडखार सोड्याच्या जातीचा.

‘पण बोरॉन तर मनुक्यांत, शेंगदाण्यांत, बदामांत असतंच की!’ असतं. रोजच्या जेवणातून आपल्याला साधारण १-२ मिलिग्रॅम मिळतं. बोरॅक्सची चिमूट पाव ग्रॅमची धरली, तरी त्यात २८ मिलिग्रॅम बोरॉन येतं. अमेरिकेत प्रौढांसाठी ठरवलेली दिवसाची वरची मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. सुरुवातीला सांगितलेली ती ‘चिमूटभर’ ही अशी.

घरात ठेवायची तर

मूळ डब्यातच ठेवा. पांढरी, बिनवासाची, बेचव पावडर साखरेच्या किंवा मिठाच्या जुन्या बरणीत भरून ठेवणं हे अपघाताला आमंत्रण आहे. झुरळांच्या गोळ्या कणकेच्या असतात, गोड असतात आणि बरोबर रांगत्या मुलाच्या उंचीवर ठेवल्या जातात. घरात मूल किंवा कुत्रं असेल तर त्या कपाटाच्या आत, हात पोचणार नाही अशा फटीत सारा. गोळ्या करायचं भांडं वेगळं ठेवा, पोळपाट-लाटणं नको.

कुणाच्या पोटात गेलीच तर उलटी करवू नका, मीठपाणी पाजू नका. उलटी-जुलाब आणि अंगावर लालभडक चट्टे ही ठळक लक्षणं, पण ती दिसायला वेळ लागू शकतो, तोवर वाट पाहू नये. डबा बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा आणि साधारण किती पावडर गेली असेल ते डॉक्टरांना सांगा.